वनभेंडी आणि वनस्पतिनामांची कोशरचना

‘एक वनस्पती’, ‘एक झाड’, ‘एक प्रकारचे झुडूप’ असे अर्थ ज्या शब्दांपुढे छापलेले असतात, अशा शब्दांची मराठी कोशांतील संख्या थोडीथोडकी नाही. हे अर्थ नव्हेत. अर्थ देण्याचे सभ्य शब्दांत नाकारणे होय. ‘कोल्हा’ या शब्दापुढे ‘एक प्राणी’ एवढेच लिहून कोणी कोशकार थांबला, तर आपण त्याचे हसे करू. वनस्पतीच्या बाबतीत मात्र ही सवलत सर्वमान्य झालेली आहे. पुढे कंसात एखादे लॅटिन द्विनाम आले, की उरलेली शंकाही मिटते. आता अर्थ नेमका झाला, शास्त्रीय झाला, असे वाचकास वाटते. या समाधानास आधार कितपत आहे, हे एकाच नावाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते नाव ‘वनभेंडी’ हे होय.

नावाचा विचार करण्यापूर्वी झुडूप डोळ्यांसमोर आणले पाहिजे. वनभेंडी हे उष्ण कटिबंधातील सदाहरित झुडूप. कोकणात आणि घाटमाथ्यावर, वाटांच्या कडेला, पडीक जमिनीत, झाडी तोडलेल्या जागी ते सहज उगवते. उंची साधारण पुरुषभर. अंगावर बारीक, तारकाकृती लव. त्यामुळे पान हातास खरबरीत लागते. खालची पाने रुंद व बोटे फाकल्यासारखी खंडित, वरची अरुंद आणि बहुधा अखंड. फूल गुलाबी, पाच पाकळ्यांचे. पुंकेसर एकत्र जुळून त्यांची नळी झालेली, जशी जास्वंदीत वा भेंडीत असते. फळ वाटाण्याएवढे, पाच फाकांचे. प्रत्येक फाकेवर काटे, आणि काट्यांच्या टोकांस उलटे आकडे. हेच आकडे धोतरास, घोंगडीस, शेरडामेंढरांच्या लोकरीस धरून बी दूरवर नेतात. साल सोलून पाण्यात कुजवली असता तिच्यातून तागासारखा वाख निघतो. शास्त्रीय नाव युरेना लोबाटा.

आता कोशांकडे वळू. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बोलीतील शब्द जमवताना दाखवलेली चिकाटी कोणीही मान्य करील. अनेक वनस्पतिनामांपुढे त्यात लॅटिन नावे दिलेली आहेत, तर अनेकांपुढे केवळ ‘एक वनस्पती’ या अर्थाचा इंग्रजी शेरा आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२ ते १९३८) शब्दसंख्येत मोल्सवर्थला फार मागे टाकले. वनस्पतींच्या बाबतीत पद्धत मात्र बव्हंशी तीच राहिली. मराठी विश्वकोश हा अर्थातच शब्दकोश नव्हे, आणि त्याच्या वनस्पतिविषयक नोंदींतील शास्त्रीय माहिती भरवशाची असते. परंतु त्याच्या नोंदींचा आरंभ पाहावा. शीर्षकानंतर लगेच कंसात हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी, लॅटिन अशी नावांची पंगत बसवलेली असते. सर्वांना एकच पान, एकच वाढप. या पंगतीतून एक गृहीतक वाचकाच्या मनात नकळत उतरते: ही सर्व नावे एकमेकांचे पर्याय आहेत, आणि शेवटचे लॅटिन नाव हा त्या सर्वांचा खरा अर्थ आहे. माझा आक्षेप या गृहीतकावर आहे.

प्रथम लॅटिन नाव घेऊ, कारण अर्थाचे अंतिम आसन त्यालाच दिले जाते. ‘युरेना’ हा शब्द लॅटिनही नाही व ग्रीकही नाही. तो मलयाळम आहे. कोचीनला डच सत्तेचा कारभार पाहणाऱ्या हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारातील वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवून घेतला, त्या ‘होर्टुस मलबारिकुस’मध्ये (आम्स्टरडॅम, १६७८ ते १६९३) ‘उरेन’ हे स्थानिक नाव नोंदले गेले. पुढे डिलेनियसने १७३२ साली लंडनजवळच्या एल्थॅम येथील बागेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात ‘उरेना’ हे नाव वंशनाम म्हणून स्वीकारले. आणि लिनीयसने १७५३ च्या ‘स्पेसीस प्लांटारुम’मध्ये ते कायम करून त्याला ‘लोबाटा’, म्हणजे खंडित पानांची, हे विशेषण जोडले. डिलेनियसचे मूळ वर्णनात्मक नाव मोठे मनोरंजक आहे. त्याचा अर्थ ‘झँथियमाच्या रूपाची चिनी उरेना’ असा होतो. नाव मलबारचे, रोप चीनचे, बाग इंग्लंडातली आणि व्याकरण लॅटिन!

तेव्हा कोशकार जेव्हा ‘वनभेंडी म्हणजे युरेना लोबाटा’ असे लिहितो, तेव्हा तो प्रत्यक्षात काय करतो? पश्चिम किनाऱ्यावरील एका बोलीतील नावाचा अर्थ त्याच किनाऱ्यावरील दुसऱ्या भाषेतील नावाने सांगतो. मधला प्रवास दृष्टीआड झाल्यामुळे एक नाव ‘देशी’ व दुसरे ‘शास्त्रीय’ वाटते, एवढेच. शास्त्राला द्विनामाची गरज आहे यात वाद नाही. कोणत्या वनस्पतीविषयी बोलत आहोत हे ते निश्चित करते, आणि जतन केलेल्या प्रमाण-नमुन्याशी बांधलेले असल्यामुळे ढळत नाही. परंतु निर्देश निश्चित करणे ही एक गोष्ट आणि अर्थ सांगणे ही दुसरी. द्विनाम हा वस्तूचा पत्ता आहे. शब्दाचा अर्थ नव्हे. उच्चाराचीही एक गंमत या ठिकाणी नोंदवण्याजोगी आहे. लॅटिन वाचनाप्रमाणे हा शब्द ‘उरेना’ असा होतो, म्हणजे मूळ मलयाळम रूपाच्या अगदी जवळ. मराठीत तो इंग्रजीमार्गे आला म्हणून ‘युरेना’ झाला. मलबारहून कोकणात यायला या शब्दाला एक ‘य’ चिकटवून घ्यावा लागला.

होर्टुस मलबारिकुसचा उल्लेख केल्यावर आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही, कारण तिचा संबंध आपल्या भाषाक्षेत्राशी आहे. या ग्रंथाच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. चित्रपटांवरही वनस्पतींची नावे रोमन, मलयाळम व अरबी लिपींबरोबर नागरीत आढळतात. ग्रंथकर्त्याने या नागरी नावांची भाषा ‘ब्राह्मणी’ म्हणून उल्लेखिली. ती कोंकणी होय, आणि ती मराठीच्या खाती ओढण्याची घाई आपण करू नये. महत्त्वाची गोष्ट ही, की सतराव्या शतकातील त्या पानांवर मलयाळम आणि कोंकणी नावे शेजारी शेजारी, समान दर्जाने उभी होती. त्यांपैकी काही लॅटिन झाली आणि ‘शास्त्रीय’ ठरली, बाकीची ‘स्थानिक नावे’ म्हणून कंसात राहिली. हा दर्जाभेद नावांच्या अंगचा नव्हे. तो त्यांच्या नशिबाचा आहे.

आता त्या पंगतीतील इतर नावे पाहू. हिंदीत ‘लपेटुआ’ हे एक नाव मिळते. चिकटणे, लपेटणे या क्रियेवरून ते पडले हे उघड आहे. तमिळमधील ‘ओट्टुत्तुत्ति’ या नावाचे दोन भाग पडतात: ‘ओट्टु’ म्हणजे चिकटणे, आणि ‘तुत्ति’ हे आपल्याकडील मुद्रेचे (अब्युटिलॉन) नाव. ‘चिकटणारी मुद्रा’ असा त्याचा अर्थ. म्हणजे तमिळ भाषकाने झुडूप एका ओळखीच्या कुटुंबात बसवले आणि चिकटण्याच्या गुणाने त्याला वेगळे काढले. जातीचे नाव आणि भेदक विशेषण ही जी पद्धत लिनीयसच्या नावे मांडली जाते, ती त्याच्यापूर्वी कितीतरी बोलींत रूढ होती, हे येथे जाता जाता ध्यानात घ्यावे.

बंगालीतील नाव मात्र विशेष सावधगिरीने हाताळले पाहिजे. ते ‘बनओकडा’ असे आहे. इंग्रजी ग्रंथांत ते ‘बन-ओक्रा’ अशा लिपीत येते, आणि इंग्रजी जाणणारा वाचक क्षणाचाही विलंब न करता ‘ओक्रा म्हणजे भेंडी, बन म्हणजे वन; तेव्हा बनओकडा म्हणजे वनभेंडी’ असा निकाल देतो. जुळणी इतकी सुबक, की ती खरीच असणार असे वाटते. ती खोटी आहे. भेंडीचे इंग्रजी नाव ‘ओक्रा’ हे पश्चिम आफ्रिकेतील इग्बो भाषेतून आलेले. बंगाली ‘ओकडा’ हा सर्वस्वी निराळा शब्द असून तो झँथियमासाठी, म्हणजे आपल्या शंकेश्वरासाठी, वापरला जातो. ‘बनओकडा’ हे नावही जुन्या याद्यांत या झुडपास आणि शंकेश्वरास अशा दोघांस लावलेले आढळते. शंकेश्वराची फळेही अशीच आकडेदार काट्यांची. बंगाली भाषकाने भेंडी पाहिली नाही; त्याने काटे पाहिले. डिलेनियसलाही रोप हाती आल्यावर झँथियमच आठवले, हा योगायोग म्हणता येणार नाही. दोघांनी एकाच टोकाने वस्तू धरली. मराठीने ती दुसऱ्या टोकाने धरली आहे, आणि ‘बनओकडा = वनभेंडी’ असे समीकरण मांडणारी पंगत नेमकी हीच गोष्ट झाकून टाकते.

मराठीने कोणते टोक धरले? ‘भेंडी’ हा शब्द मराठीत एका भाजीपुरता मर्यादित नाही. किनाऱ्यावर ‘भेंडी’ म्हणजे थेस्पेसिया पॉपुल्नियाचा वृक्षही. त्यालाच परसपिंपळ असे दुसरे नाव आहे. कस्तुरीसारख्या वासाच्या बियांची ती कस्तुरभेंडी. ‘रानभेंडी’ तर एकाहून अधिक आहेत: भेंडीच्याच वंशातील पिवळ्या फुलांची एक, आणि थेस्पेसिया लॅम्पस ही दुसरी. या सर्वांत समान काय आहे? पान नव्हे, कारण भेंडीच्या वृक्षाचे पान पिंपळासारखे हृदयाकृती आहे. म्हणूनच पानावरून त्याचे नाव परसपिंपळ पडले. एकाच वृक्षाला पानाच्या बाजूने एक नाव आणि दुसऱ्या बाजूने दुसरे, असा हा सुंदर पुरावा आहे. फुलाचा रंगही नव्हे, कारण इतर सर्व पिवळी आणि वनभेंडी गुलाबी. उरते ती फुलाची घडण: पाच पाकळ्या आणि मध्ये केसरनळी.

येथे कोणी असे म्हणेल, की समान गुण सालीचा वाख हा का नसावा? वर सांगितलेल्या सर्वांच्या सालीत धागा आहे, हे खरे. हा तर्क मोहक आहे, परंतु दोन वनस्पती त्याच्या आड येतात. अंबाडी ही भेंडीच्याच कुळातली, फूल त्याच घडणीचे, आणि तिच्या वाखाच्या दोऱ्यांवर आपली शेती पिढ्यान् पिढ्या बांधलेली; पण ती भेंडी नाही. ती लागवडीतली असल्यामुळे तिला स्वतःचे नाव आहे. ‘भेंडी’ हा शब्द प्रामुख्याने अशा वनस्पतींकडे सरकला आहे, ज्यांना स्वतःचे नाव मिळालेले नव्हते. दुसरी साक्ष अधिक निर्णायक आहे, ती निचर्डीची. निचर्डी, म्हणजे ट्रायम्फेटा, हेही उष्ण प्रदेशातील रानझुडूप. फळे आकडेदार काट्यांची, कपड्यांना चिकटणारी. सालीचा वाख उपयोगी. वाटेवरून येताना धोतराला दोन्हींची फळे लागली तर कोणते कोणाचे हे सांगण्यास क्षणभर निरखावे लागते. फरक आहे तो फुलात: निचर्डीचे फूल पिवळे, अगदी बारीक, आणि त्याचे केसर सुटे. ध्वनिविचारात आपण जिला लघुतम युग्म म्हणतो, तशी ही जोडी आहे. काटे समान, वाख समान, फूल भिन्न. आणि मराठीने एकीस भेंडी म्हटले, दुसरीस म्हटले नाही. तेव्हा ‘भेंडी’ या पदाचा भेदक घटक फुलाची घडण हा होय, काटा वा वाख नव्हे, असे म्हणण्यास बळकट आधार मिळतो.

बोलीतील हे वर्गीकरण अडाणी होते असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. फाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जास्वंद-भेंडीच्या गटाचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात युरेनासारखे वेगळे मानलेले काही वंश जास्वंदीच्या वंशवृक्षाच्या आतच बसतात असे आढळले. काटेरी फळामुळे ज्याला दूरचे मानले गेले, ते फुलावरून भेंडीचे म्हणणारी मराठी या बाबतीत चुकली नव्हती. अर्थात बोलीने वंशशास्त्र आधीच जाणले होते, असा अभिमान यावरून बाळगणे हास्यास्पद होईल. शंकेश्वराच्या आठवणीने नाव देणारा बंगाली भाषकही त्याच्या दृष्टीने तितकाच बरोबर होता. त्याचा प्रश्न वेगळा होता.

आता नावाच्या पूर्वपदाचा विचार. मराठीत रानटी वनस्पतींसाठी जिवंत उपपद ‘रान’ हे आहे: रानकेळ, रानहळद, रानतुळस. हा ‘अरण्य’ शब्दाचा तद्भव. ‘वन’ हा तत्सम. तो वनवास, वनभोजन, वनौषधी अशा ग्रांथिक समासांत शोभतो. हिंदी-बंगालीत ‘बन’ हे जिवंत उपपद आहे, मराठीत तसे ते नाही. मग ‘रानभेंडी’ न म्हणता ‘वनभेंडी’ का? माझ्या मते याचे कारण रानात नसून ग्रंथात आहे. ‘रानभेंडी’ हे बोलीत एका जातीचे विशेषनाम नव्हते. भेंडीच्या घडणीचे जे जे रानात उगवते त्या सर्वांचे ते वर्गनाम होते. वनस्पतिसूची करणाऱ्यास मात्र एका जातीस एक नाव हवे असते. रानभेंडी हे नाव इतरत्र खर्ची पडल्यावर त्याचा संस्कृत जुळा भाऊ उरलेल्या झुडपास देण्यात आला, असा तर्क करण्यास पुष्कळ जागा आहे. हा तर्क मान्य झाल्यास ‘वनभेंडी’ आणि ‘रानभेंडी’ यांतील फरक हा भाषेतील फरक नसून सूचीच्या रकान्यांतील फरक ठरतो. आणि कोशात दोन्ही शब्द एकाच दर्जाने नोंदवणे ही दिशाभूल ठरते.

व्यापाराने या झुडपास जी नावे दिली, त्यांकडेही ओझरते पाहिले पाहिजे. क्रिमियाच्या युद्धात रशियन भांगेचा (हेम्प) व जवसाचा धागा मिळेनासा झाला, त्या सुमारास (१८५५) फोर्ब्स रॉइलने हिंदुस्थानातील धाग्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून अशा सालींकडे कारखानदारांचे लक्ष वळले. पुढे बेल्जियन काँगोत लागवड झाल्यामुळे युरेनाच्या धाग्यास ‘काँगो ज्यूट’ हे नाव मिळाले. ब्राझीलमध्ये तो ‘अरामिना’ झाला, आणि ॲमेझॉनच्या पूरक्षेत्रांत ‘माल्वा’. या नावांत काटा नाही, फूल नाही, पान नाही. बाजाराने केवळ साल पाहिली, आणि तीही तागाच्या मापाने. ‘काँगो ज्यूट’ हे नाव मराठी याद्यांत ‘इंग्रजी नाव’ म्हणून छापले जाते, तेव्हा ते गोणपाटाच्या गिरणीतील नाव आहे, कोणाच्या बोलीतील नव्हे, एवढे तरी सांगायला हवे.

संस्कृत नावाच्या रकान्यात प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. वनभेंडीपुढे पुष्कळदा ‘नागबला’ असे छापलेले असते. नागबला हे आयुर्वेदातील बल्य द्रव्यांपैकी एक नाव. त्याखाली निरनिराळ्या प्रांतांत ग्रेविया, सीडा आणि युरेना या तिन्ही वंशांतील वनस्पती घेतल्या जातात. ग्रंथातील नागबला कोणती, हा वैद्यकाच्या अभ्यासकांतील जुना वाद आहे. कोशकाराने ‘वनभेंडी (सं. नागबला)’ असे लिहिले, की तो वाद त्याने नकळत एका बाजूने निकालात काढला, आणि कोश पाहून मुळी गोळा करणारा मनुष्य, किंवा त्याच्याकडून ती विकत घेणारा, त्या निकालाप्रमाणे वागतो. ‘एक वनस्पती’ हा शेरा निरुपयोगी असला तरी निरुपद्रवी आहे. पर्यायांची पंगत तशी नाही.

बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या दृष्टीने दोन शब्द सांगावेसे वाटतात. संग्राहक छापील प्रश्नावली घेऊन जातो. तीत लॅटिन नाव किंवा चित्र असते, आणि ‘याला काय म्हणता?’ असा प्रश्न असतो. असल्या वह्या मी पुष्कळ तपासल्या आहेत. त्यांत उत्तर कोणी दिले हे लिहिलेले असते, गाव लिहिलेले असते. महिना क्वचितच लिहिलेला असतो. परंतु श्रावणात, जेव्हा झुडपावर नुसती पाने असतात, विचारलेला प्रश्न आणि मार्गशीर्षात, जेव्हा काटेरी फळे धोतराला लागतात, विचारलेला प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गुराख्याला विचारणे आणि दोर वळणाऱ्याला विचारणे हेही वेगळे. चित्र दाखवून विचारणे तर सर्वांत वाईट, कारण चित्राला ना खरबरीतपणा असतो, ना चिकटपणा. उत्तर मिळाल्यावर ‘असे का म्हणता?’ हा दुसरा प्रश्न विचारावा. लोकांनी सांगितलेली व्युत्पत्ती बहुधा शास्त्रदृष्ट्या टिकत नाही. पण बोलणारा नावातून वस्तूचा कोणता गुण ओळखतो, हे तिच्यातूनच कळते, आणि अर्थविचाराला तेच हवे असते.

टीका करणाऱ्याने पर्याय दाखवावा हे न्याय्य आहे. माझ्या मते नोंद साधारण अशी असावी:

वनभेंडी, स्त्री. (ग्रांथिक, बोलीतील ‘रानभेंडी’ या वर्गनामाच्या धर्तीवर.) भेंडीच्या घडणीची, पण गुलाबी फुले येणारे पुरुषभर उंचीचे रानझुडूप, पाने खरबरीत, खालची खंडित, फळे लहान, गोल, आकडेदार काट्यांची, कपड्यांस व जनावरांच्या अंगास चिकटणारी, सालीचा वाख निघतो. निर्देश: युरेना लोबाटा. ताडून पाहा: भेंडी, रानभेंडी, निचर्डी, शंकेश्वर.

ही नोंद लांबली, असे म्हटले जाईल. ती फार तर पाच-सहा ओळी घेते. पर्यायांची पंगतही तितकीच जागा घेते. येथे ‘निर्देश’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, ‘अर्थ’ नव्हे. ‘ताडून पाहा’ या सदरात निचर्डी आणि शंकेश्वर घातली आहेत, कारण वाचकाने गोंधळ करण्याचा संभव तेथेच आहे, आणि शेजारच्या भाषांनी नावे देताना नेमके त्याच दिशेने पाहिले आहे. इतर भाषांतील नावे नोंदीतून काढून कोशाच्या परिशिष्टात, प्रत्येक नाव वस्तूचा कोणता गुण धरते या रकान्यासह, द्यावीत. नागबलेला मी जागा दिलेली नाही. ती ‘नागबला’ या शब्दाखाली, वादासह, यावी.